ताणावरची बाग

मौजे बोरगव्हाण, परतवाड्याजवळ
मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १७८५

तीर्थरूप आत्याबाईंना मळ्यातून माणिकचा नमस्कार.

पंतोजी याच्यापुढे ‘येथील सर्व क्षेम’ असं लिहायला लागले होते. मी त्यांना थांबवलं. तुम्ही सासरचं घर सोडून अकोल्याला लेकीकडे जाऊन बसलात, तेव्हा इथे सगळं क्षेम आहे असं मी कोणत्या तोंडानं लिहू?

ज्या गोष्टीसाठी तुम्ही गेलात ती मी उरलेल्या झाडांवरही केली. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगते. त्या दिवशी तुम्ही बांधावर उभ्या राहून म्हणालात, “माह्या सहदेवच्या हातची झाडं हायेत थे. त्याले जाऊन किती दिवस झाले, अन् तू कोयता घेऊन वर चढली?” सगळ्या मळ्यानं ऐकलं. मी तेव्हा उत्तर दिलं नाही. आता देते.

हे, तुमचे धाकटे, भादव्यात तापानं गेले. त्याआधी दोन वर्षं संत्र्यांत सल वाढत होती. ती तुम्हाला दिसत नव्हती असं मी म्हणत नाही. फांद्या शेंड्याकडून वाळत खाली येत होत्या. ओढ्याकडच्या झाडांच्या बुंध्याला डिंक सुटला होता. आतून पानसोट सरळसोट वर गेले होते, त्यांना ना फूल ना फळ, आणि त्यांच्या गर्दीत खोडापर्यंत उजेड पोचत नव्हता. गेल्या साली लागलेलं फळ लिंबाएवढं राहिलं. ह्यांना ते कळत होतं, पण अंगात ताप असायचा आणि हात वर जात नसे. मी वाळलेली प्रत्येक फांदी जिवंत लाकूड लागेपर्यंत मागे कापली. जखमांवर शेणमाती लिंपली. डिंकाची साल खरवडून चुना लावला. पानसोट बुडापासून काढले. झाडं उघडीबोडकी दिसतात हे खरं आहे. पण मी मारायला कापली नाहीत.

आता फागुनात आंब्या बहाराचं फूल यावं म्हणून बाग ताणावर सोडली आहे. पाणी बंद केलं. आळी खोदून मुळं उघडी केली, वरची केसासारखी मुळं छाटली. दर साली हे काम तुम्ही करायच्या, मी फक्त माती ओढायची. म्हणून विचारते. आपली जमीन काळी, खाली ओल धरून ठेवते. अशा जमिनीत मुळं किती दिवस उन्हात ठेवायची? पानं कशी दिसू लागली की पाणी सोडायचं? मी ह्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, “मायले ठाऊक. तिच्या डोळ्यात हाय थे.”

तुमचे थोरले, महादेवराव भावजी, बरे आहेत. परतवाड्याच्या बाजारात कपाशीशिवाय दुसरं बोलणं नाही. लांब कुठल्या मुलखात लढाई चालू आहे म्हणून विलायतेला आपला कापूस पाहिजे, असं पंतोजी सांगतात. शेजारच्यांनी जांबाची बाग तोडून मृगात कपाशी पेरली होती. आता ते नवं घर बांधून राहिले आहेत. भावजी रोज तिकडून चक्कर मारून येतात आणि जेवताना बोलत नाहीत.

एवढंच विचारायचं होतं. हे वाचून दाखवणारे जावईबापू वामनराव आणि वच्छलावन्सं यांना नमस्कार. गंगूजाऊबाई तुमच्या पाया पडते असं म्हणाली. माझ्या डाव्या हाताला थोडं लागलं आहे, त्यात काही नाही.

माणिक


पौष शुद्ध दशमी

आत्याबाईंना नमस्कार.

तुमच्याकडून उत्तर नाही. संक्रांत होऊन गेली. मी वाट पाहिली.

पानं गळाली. आधी मधल्या शिरेपाशी पिवळी पडली, मग पन्हाळीसारखी वळली, आणि गेल्या वाऱ्यात बहुतेक सगळी खाली आली. आता बागेत उभं राहिलं की आरपार रस्ता दिसतो. रस्त्यावरून जाणारे गाडीवान हात दाखवून काहीतरी बोलतात. काय बोलतात ते ऐकू येत नाही, हसू मात्र ऐकू येतं.

परवा भावजी आले. ओढ्याकडच्या झाडाची काडी त्यांनी कटकन मोडली आणि माझ्या पुढ्यात टाकली.

“मेली थे,” म्हणाले.

मी म्हटलं, “नाही भावजी. शेंडा वाळते, मागं जीव असते. बाग ताणावर हाय.”

“ताण, ताण. सारं गाव हासून राहिलं. बापानं लावलेली बाग तू मारली माणिक, अन् मी कोणाले काही बोलू शकत नाही, काहून का तू माह्या मेलेल्या भावाची बायको हायेस.”

मग त्यांनी खरं सांगायचं होतं ते सांगितलं. वामनरावांनी अकोल्याहून निरोप धाडला आहे की माय तोडा म्हणते. झाडं काढायची, उन्हाळ्याआधी नांगर घालायचा, मृगात कपाशी. कापसाला गिऱ्हाईक जावईबापू बघून देणार आहेत. आणि माझंही बघितलं आहे. तिवस्याला एक जण आहे, बायको वारलेली, कपाशीनं घर भरलेलं. त्याच्याशी पाट लावायचा. भावजी म्हणाले, “मानूस चांगला हाय. तुले तिथं कोयता धरा लागणार नाही.” हे त्यांनी खरोखर मायेनं म्हटलं. म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

आत्याबाई, तुम्ही तोडा म्हणालात का?

फांद्या कापल्या म्हणून जी बाई घर सोडून जाते, ती झाडंच तोडा म्हणते, हे माझ्या डोक्यात शिरत नाही. पंतोजी म्हणतात असं लिहू नये, जावई वाचणार आहेत, त्यांना राग येईल. मी म्हटलं, लिहा. जावईबापू, तुम्ही कापसाची दलाली करता, मोठमोठ्या लोकांत बसता. तुमच्याशी माझं वैर नाही. पण हे पत्र माझ्या सासूला लिहिलं आहे. ते त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचा. सगळं वाचा.

घरचे बैल भावजींनी कापसाच्या गाडीला जुंपून अमरावतीला धाडले. गावात कुणाकडेही मोकळा बैल राहिलेला नाही. बाग ताणावर आहे तोवर बैल लागत नाहीत म्हणून मी गप्प बसले. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं.

चंद्रभान गाडीवान अकोल्याला निघाला आहे. त्याच्याजवळ तीन झाडांच्या तीन काड्या ओल्या फडक्यात बांधून देते. एक ओढ्याकडची, एक मधली, एक विहिरीजवळच्या मामंजींच्या झाडाची. त्या तुमच्याच हातात द्यायच्या असं त्याला बजावलं आहे. पत्र कुणीही वाचो. काड्या तुम्ही बघा.

पंतोजी म्हणतात हाताचंही लिही. कोयता तळव्यातून गेला होता. जखम भरली. दोन बोटं वळत नाहीत. उजवा हात चांगला आहे.

माणिक


पौष वद्य नवमी

आत्याबाईंना पुन्हा पुन्हा नमस्कार.

हे पत्र जावईबापूंच्या घरी जाणार नाही. चंद्रभान ते देवळातल्या गुरवाकडे देईल, तुम्ही दर्शनाला गेलात की तो वाचून दाखवील.

चंद्रभान काल आला. बैल सोडायच्याही आधी मळ्यात आला. त्यानं सांगितलं ते सगळं मी त्याच्याकडून पुन्हा वदवून घेतलं. तो म्हणाला, तो घरात गेलाच नाही. तुम्ही नदीवर धुणं घेऊन आलात तिथे त्यानं फडकं तुमच्या हातात ठेवलं. तुम्ही काड्या हुंगल्या. अंगठ्याच्या नखानं साल खरवडली. साल निघाली तशी खालून हिरवी रेघ दिसली, तिन्ही काड्यांवर. मग कापलेली बाजू उजेडाकडे धरून तुम्ही कितीतरी वेळ पाहिली आणि विचारलं, “हात कोनाचा?”

तो म्हणाला, “लहान सुनेचा.”

“काप तिरपा हाय,” तुम्ही म्हणालात. “पाणी साचनार नाही.”

आणि मग म्हणालात, “तिले सांग, पाणी दे. आताच दे. आधी मुळं झाक, शेणखत घाल अन् भिजव. आता उशीर झाला तं मुळं जातीन.”

त्यानंतर त्यानं आणखी एक सांगितलं. माझं पहिलं पत्र तुम्हाला वेगळंच वाचून दाखवलं गेलं. बाग बुडापासून जळाली, आणि माणिक तिवस्याला जायला राजी आहे, असं. म्हणून तुम्ही “मंग तोडा” म्हणालात. म्हणजे शब्द तुमचाच होता. तो तुमच्याकडून कसा काढून घेतला ते आता कळलं. जावईबापूंबद्दल मी आणखी काही लिहीत नाही. वन्संचा संसार त्या घरात आहे.

तुमचा निरोप मिळाल्याबरोबर मी मुळं झाकायला घेतली. गंगूजाऊबाई टोपलीनं शेणखत टाकायला आली, तिला मी बोलावलं नव्हतं. संध्याकाळी मी भावजींकडे गेले.

“मायनं पाणी द्या म्हटलं,” मी म्हणाले. “बाग जिवंत हाय.”

“कोणं सांगितलं?”

“चंद्रभाननं.”

“गाडीवानाच्या तोंडचं काय खरं?”

“अन् वामनरावांच्या तोंडचं?”

ते चिलीम भरत होते. भरायचे थांबले. मग म्हणाले, “बैल नाहीत. फागुनात येतीन. मोटेसाठी आज कोनी बैल देत नाही, सगळे गाडीले हायेत. पान्यावाचून बाग तशीबी मरते, माणिक. मी तोडली काय अन् उभ्या उभ्या वाळली काय. सोमवारी मानसं येऊन राहिली.”

“सोमवारपर्यंत मी पाणी दिलं तं?”

“कायनं देशीन?”

आत्याबाई, भावजी दुष्ट नाहीत. शेजारच्या घराची भिंत रोज उंच होते आणि ती त्यांना आपल्या अंगणातून दिसते. त्यांना पोरांसाठी तसं घर पाहिजे. उद्या बाग फुलली नाही तर सगळ्या घराचं तोंड माझ्याकडे वळेल हेही त्यांना ठाऊक आहे. ते मला त्यातून वाचवतो आहोत असं समजतात.

विहिरीला पाणी आहे. मोट आहे. ती ओढायचा नाडा आहे. बैल नाहीत.

गंगूजाऊबाई आत्ता माझ्याजवळ बसली आहे. ती म्हणाली, हे पत्रात लिहू नको, सासू काय म्हणेल. मी लिहिते. उद्या उजाडल्यावर नाडा आम्ही दोघी खांद्यावर घेणार आहोत.

माणिक


माघ शुद्ध पंचमी

आत्याबाईंना नमस्कार.

हे पत्र बसून ऐका.

चामड्याची मोट भरून आली की दोन बायांच्यानं ओढली जात नाही, हे पहिल्याच खेपेला कळलं. नाडा आम्हालाच मागे, विहिरीच्या तोंडाकडे ओढायला लागला. मी मोटेचं तोंड आवळून बांधलं, अर्धीच भरेल असं. मग जमलं. धावेच्या उतारावरून खाली जाताना अंग पुढे झोकायचं, पाणी वरच्या थारोळ्यात, दगडी कुंडीत, पडलं की मागे मागे वर चढायचं. बैलांना मागे चढताना पाहिलं होतं, त्यांना ते किती जड जात असेल हे कधी मनात आलं नव्हतं. गंगूजाऊबाईनं खांद्यावर जुनी गोधडी घडी करून घेतली आणि माझ्यासाठीही आणली. मी डाव्या हातानं नाडा धरू शकत नव्हते, म्हणून तो काखेतून घेऊन छातीवर आवळला.

पहिल्या दिवशी विहिरीजवळच्या झाडांची आळी भिजली. पाणी आळ्यात पडलं की जमीन आवाज करून ते पिते, तो आवाज ऐकू यायचा. दुपारी मी गंगूजाऊबाईला घरी जा म्हटलं. ती म्हणाली, “तू एकटीनं ओढशीन का?” तिनं पदर खोचला आणि नाडा पुन्हा घेतला. ही बाई या घरात आल्यापासून नवऱ्यासमोर मोठ्यानं बोललेली मी ऐकली नाही.

लोक यायला लागले. बांधावर उभे राहायचे. कुणी हसलं नाही, पण कुणी पुढेही आलं नाही. चंद्रभानची बायको तेवढी पाणी वळवायला, आळ्यांची दारं धरायला आली.

सोमवारी भावजी माणसं आणि कुऱ्हाडी घेऊन आले. बायको बैलाच्या जागी जुंपलेली आहे हे त्यांनी ऐकलं असेल, पण पाहिलं नव्हतं. ती धावेच्या खालच्या टोकाला होती, नाड्यात वाकलेली, केस तोंडावर आलेले. बांधावर सगळा गाव.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. अगदी हळू म्हणाले, “घरी जाय.”

गंगूजाऊबाई म्हणाली, “ही खेप रिकामी करून जातो.”

“आता जाय.”

“तुमी बैल नेले. मी काय नेलं तुमचं?”

भावजींचा चेहरा मी पाहिला. अपमान झालेल्या माणसाला काहीतरी करून दाखवावंच लागतं. त्यांनी शेजारच्या गड्याच्या हातातली कुऱ्हाड ओढून घेतली आणि जे झाड सगळ्यांत जवळ होतं त्याकडे गेले. ते विहिरीजवळचं होतं. मामंजींनी नागपूरहून रोप आणून लावलेलं.

मी नाडा टाकला आणि धावले. माझ्या अंगावरून नाडा सुटल्यावर सगळा भार गंगूजाऊबाईवर आला आणि ती ओढली गेली. मोट विहिरीत आपटल्याचा आवाज झाला. मी मागे वळले. ती धावेवर गुडघ्यांवर पडली होती, हातात नाडा तसाच. तिला उचलायला मी मागे गेले. तेवढ्या वेळात कुऱ्हाडीचे घाव बसत होते. आत्याबाई, मला झाडाकडे जाता आलं असतं किंवा तिच्याकडे. मी तिच्याकडे गेले.

झाड पडलं.

पडल्यावर भावजी पुढच्या झाडाकडे वळले नाहीत. कुऱ्हाडीच्या पात्याकडे पाहत उभे राहिले. पातं ओलं होतं. खोडाचा काप पिवळाजर्द होता, आणि साल जिथे लाकडाला चिकटते तिथे पाणी सुटून राहिलं होतं. संत्र्याच्या हिरव्या लाकडाचा वास सगळीकडे पसरला. त्यांनी वाकून एक फांदी उचलली. तिच्या सगळ्या डोळ्यांवर, जिथून फूट निघते तिथे, फुगवटा आलेला, तांदळाच्या दाण्यासारखा. तीन दिवसांच्या पाण्यानं.

गडी म्हणाला, “मालक, पुढचं कोनतं?”

भावजी म्हणाले, “घरी जा.”

त्याला वाटलं आपल्याला ऐकू आलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं. भावजींनी कुऱ्हाड त्याच्याकडे दिली आणि माणसांना हातानंच जा म्हणून खुणावलं. मग ते झाडाशेजारी जमिनीवर बसले. माणसं गेली, बांधावरचे लोक गेले. ते मला एवढंच म्हणाले, “मायले काय सांगू?”

मी म्हटलं, “मी लिहीन.”

म्हणून लिहिते. मामंजींचं झाड गेलं. मी ते वाचवू शकले नाही, आणि त्या दिवशी मागे वळले नसते तरी वाचलं नसतं असं मी स्वतःला सांगते. खरं काय ते मला ठाऊक नाही.

गंगूजाऊबाईचे गुडघे सोलले आहेत, चालता येतं. दुसऱ्या दिवशी तिच्या जागी नाड्यात भावजी होते. एका बाजूला ते, एका बाजूला मी. पाणी रस्त्याकडच्या शेवटच्या झाडापर्यंत पोचलं.

तिवस्याच्या माणसांना भावजींनी अजून नाही म्हटलेलं नाही.

तुम्ही येणार असलात तर या. रागानं आलात तरी चालेल.

माणिक


फाल्गुन शुद्ध तृतीया

सौभाग्यवती वच्छलावन्संना नमस्कार.

आत्याबाई सुखरूप पोचल्या. वामनरावांना न विचारता तुम्ही त्यांना चंद्रभानच्या गाडीत बसवलंत, हे त्यानं सांगितलं. त्याबद्दल तुम्हाला घरात काय ऐकावं लागलं असेल याचा मला अंदाज आहे. तुमची माय तुमची काळजी करते. तोंडानं म्हणत नाही, पण परवा जेवताना म्हणाली, “वच्छीनं गाडीत गवत जास्ती टाकलं होतं, माह्या पाठीसाठी.”

बाग फुलली. सगळी नाही. ओढ्याकडची दोन झाडं गेली, त्यांच्या मुळांना उशीर झाला असावा. मधल्या ओळी पांढऱ्या झाल्या आहेत. शिवरात्रीपासून वास घरापर्यंत येतो. गाव आता हसत नाही. शेजारच्या नव्या घराचे मालक येऊन गेले. जांब तोडून चूक झाली असं ते म्हणाले नाहीत, मीही विचारलं नाही.

आत्याबाई गाडीतून उतरल्या त्या सरळ विहिरीकडे गेल्या. मी मागे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बुंध्याचा काप आता काळा पडला आहे. त्यावर त्यांनी हात ठेवला. भावजी लांब उभे होते, जवळ यायची हिंमत नव्हती. मला वाटलं होतं त्या रडतील, किंवा भावजींना बोलतील, किंवा मला.

त्या म्हणाल्या, “महादेव, हे मुळासकट काढ. बुडाले किडा लागते, मंग बाजूच्या झाडाले जाते. तुह्या हातानं काढ.”

भावजींनी दोन दिवस खणून ते काढलं. त्या बाजूला बसून होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या बागेत फिरल्या. प्रत्येक झाडापाशी थांबत होत्या. काही ठिकाणी फांदी वाकवून माझा काप बघत होत्या. एका झाडाशी म्हणाल्या, “हा पानसोट काहून ठेवला?” मी म्हटलं, “दिसला नाही.” त्या म्हणाल्या, “दिसला असता तं बरं झालं असतं.” घर सोडल्यापासून त्यांनी मला थेट म्हटलेलं हे पहिलं वाक्य. मी तो पानसोट काढला.

मग रस्त्याकडच्या ओळीशी आल्या. ती झाडं कमजोर आहेत, सल सगळ्यांत जास्त तिथेच होती, आणि फुलं मात्र तिथेच सगळ्यांत जास्त आली आहेत. आत्याबाई म्हणाल्या, “ह्याची फुलं तोडून टाक. सगळी.”

मला समजलं नाही. भावजींनाही नाही. ते म्हणाले, “माय, ह्याच फुलासाठी...”

“ह्याले औंदा फळ पेलवनार नाही,” त्या म्हणाल्या. “जीव जाईन त्याचा. मरनारं झाड लई फुलते. औंदा नुसतं पान धरू दे.”

वन्सं, ती फुलं तोडणं मला झाडं छाटण्याहून जड गेलं. एकेका डहाळीवरून हात फिरवला की ओंजळ भरायची. त्या फुलांसाठी गंगूजाऊबाईचे गुडघे गेले होते, मामंजींचं झाड गेलं होतं. आत्याबाई माझ्यासमोरच्या फांदीवर होत्या. त्यांचे हात माझ्यापेक्षा भराभर चालत होते. फुलं पायांखाली पडत होती. मग त्यांनी विचारलं, “सहदेवले लई त्रास झाला का शेवटी? मी त्याच्या खोलीत येत नव्हती. पाहावत नव्हतं मले.”

मी म्हटलं, “शेवटच्या दिवशी नाही झाला. झोपेत गेले.”

त्यांनी मान हलवली आणि पुढच्या फांदीला हात घातला.

आम्ही तिथेच होतो तेव्हा भावजी पुन्हा आले. तिवस्याहून निरोप्या आला होता, त्याला उत्तर पाहिजे होतं. भावजींनी मायला विचारलं, काय सांगू. आत्याबाईंनी हात थांबवला नाही.

“मले कायले विचारतं? तिले विचार ना.”

भावजींनी माझ्याकडे पाहिलं. या गोष्टीत तोवर मला कुणी काही विचारलं नव्हतं. पुढे कधी काय होईल ते मला माहीत नाही. माझं वय काही झालेलं नाही, आणि तिवस्याचा माणूस वाईट आहे असं कुणी म्हणत नाही. पण त्या क्षणी मला उत्तर शोधावं लागलं नाही.

“नाही म्हना,” मी म्हटलं.

भावजी गेले आणि निरोप्याला नाही सांगून आले. परत येताना कापडाची झोळी आणली आणि आमच्या शेजारच्या झाडाला लागले. चुकीच्या झाडाला लागले होते. आत्याबाईंनी त्यांना तिथून उठवून दुसऱ्याकडे धाडलं.

मृगात भावजी ओढ्याकडच्या रिकाम्या जागेत कपाशी पेरणार आहेत. आत्याबाई हो म्हणाल्या. बाकी बाग राहील.

चंद्रभान आठवड्यानं पुन्हा अकोल्याला येतो आहे. तुमची माय नेसत्या लुगड्यानिशी गाडीत बसली होती. तिची लुगडी त्याच्याजवळ द्या. दोनच देऊ नका, सगळी द्या.

तुमची वहिनी,
माणिक